काउंटरवरची सुरमई की फ्रीझरमधली?

प्रश्न थोडक्यात असा. गिरगावातून कांदिवलीच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेलं कुटुंब. गिरगावात दारावर कोळीण यायची, इथे येत नाही. खालच्या मॉलमधल्या सुपरमार्केटात एकीकडे बर्फावर मांडलेले मासे, दुसरीकडे फ्रोझन पाकिटं. नवऱ्याचं म्हणणं, फ्रोझन म्हणजे शिळं. चार पैसे जास्त गेले तरी काउंटरवरचंच घ्यायचं. सासूबाईंचा दोन्हींवर भरवसा नाही. मुलाला काटे चालत नाहीत. त्यात मासा टिकवायला चोरून वापरतात त्या फॉर्मेलिन नावाच्या रसायनाची धास्ती. मग घ्यायचं काय?

मी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली, वीसेक वर्षं तळोजा पट्ट्यातल्या मासळी प्रक्रिया कारखान्यांत क्वालिटीचं काम केलं, आणि मधली चार वर्षं सुपरमार्केटच्या मासळी काउंटरवरच्या मुलांना शिकवण्यात गेली. त्यामुळे कोल्ड स्टोरेजच्या दारात कुडकुडलेय आणि काउंटरमागे माशा पण हाकल्यात. तुमच्या यजमानांना आधीच नाराज करून टाकते: सुपरमार्केटपुरतं बोलायचं तर बहुतेक दिवशी, बऱ्याच माशांच्या बाबतीत, फ्रीझरमधलं चांगलं पाकीट काउंटरपेक्षा सरस असतं. बोंबील, मांदेली, मुडदुशा, तिसऱ्या यांच्या बाबतीत मात्र फ्रीझरकडे ढुंकूनही बघू नका. पापलेट आणि सुरमईचं उत्तर महिन्यावर आणि वारावर अवलंबून आहे, ते पुढे सांगते.

गोंधळ ‘ताजा’ या शब्दात आहे. गिरगावात येणारी मावशी पहाटे धक्क्यावरून किंवा क्रॉफर्ड मार्केटातून मासे उचलायची आणि दुपारच्या आत पाटी रिकामी करायची. सुपरमार्केटचा रस्ता लांबचा. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला पहाटे लागणारा मोठा ट्रॉलर काल रात्री निघालेला नसतो. तो आठ-दहा दिवस समुद्रात राहून आलेला असतो. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेली सुरमई खणात बर्फाखाली, तळाला. मग लिलाव, मग पुरवठादार, मग त्याचं गोदाम, तिथे वजन आणि छाटणी, मग सुपरमार्केटच्या मुख्य गोदामात एक रात्र, आणि तिथून तुमच्या कांदिवलीच्या दुकानात. काउंटरवर ती दिमाखात आडवी होते तेव्हा पाण्याबाहेर येऊन तिला दहा-बारा दिवस झालेले असू शकतात. यात कुणी फसवलं असं नाही. बर्फात नीट पुरून ठेवलेली सुरमई तेवढे दिवस खाण्याजोगी राहते. फक्त ती ‘आजची’ नाही, एवढंच.

आता ‘नीट’ म्हणजे किती नीट, ते बघा. आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब आहे. वितळत्या बर्फात, म्हणजे शून्य अंशाला, मासा एका दिवसात जितका उतरतो, त्याच्या सव्वादोन पट तो ५ अंशाला उतरतो आणि चौपट १० अंशाला. काउंटरवर मासा बर्फाच्या ‘वर’ ठेवलेला असेल तर त्याची खालची बाजू शून्याजवळ असते आणि तुमच्याकडे तोंड केलेली वरची बाजू आठ-दहा अंशांवर, वरून दिव्याची ऊब. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत अशा मांडणीत राहिलेला मासा एका दिवसात दोन-तीन दिवसांनी म्हातारा होतो. मी शिकवलेल्या मुलांना पहिला धडा हाच असायचा की बर्फाची गादी नको, गोधडी पाहिजे. मासा दिसला नाही तर गिऱ्हाईक थांबत नाही, असं दुकानाच्या मॅनेजरचं म्हणणं, आणि दोन दिवसांत गोधडी गायब. माझा हा वाद चार वर्षं चालला, मी एकदाही जिंकले नाही.

फ्रोझनचं गणित वेगळं. कारखान्यात मासा येतो, धुतला-कापला जातो आणि उणे ३५ ते उणे ४० अंशांच्या झोताखाली जातो. माशात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असतं. ते उणे १ ते उणे ५ अंशांच्या टप्प्यात गोठतं, आणि हा टप्पा जितक्या झटपट ओलांडला जाईल तितके बर्फाचे कण बारीक राहतात. बारीक कण मांसाच्या पेशी फाडत नाहीत. तोच मासा घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवलात तर गोठायला दहा-बारा तास लागतात, कण मोठे आणि टोकदार होतात, पेशी फाटतात, आणि वितळल्यावर ताटलीत जे गुलाबी पाणी साचतं ते खरं तर माशाची चव असते. फ्रोझन मासा ‘भुसभुशीत’ लागतो अशी तक्रार करणारे निम्मे लोक काउंटरवरून ताजा आणून तो घरी गोठवलेला मासा खात असतात. रविवारी दोन किलो आणायचा, निम्मा बुधवारसाठी वर टाकायचा, ही मुंबईची रीत. बुधवारसाठी हवाच असेल तर सरळ गोठवलेलं पाकीट आणा. वर टाकायचाच झाला तर मीठ लावून टाकू नका. मिठानं माशातलं तेल लवकर खवट होतं. हळद चालेल.

मात्र कारखान्यात शिरताना मासा ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत तो पाकिटात बंद होतो. बाजारात न खपलेला, कल्ले तपकिरी पडलेला माल गोठवायला घेऊन येणारे टेम्पो मी गेटवरून परत पाठवलेत. सगळेच परत पाठवतात असं मी म्हणणार नाही. म्हणून पाकीट बघून घ्यायचं. ते कसं, हे सांगतेच, आधी काउंटर.

काउंटरवर पहिली गोष्ट वार बघा. मुंबईत मासळी बुधवार, शुक्रवार आणि रविवारची. सोमवार, गुरुवार, शनिवार किती घरांत पाळले जातात हे सुपरमार्केटच्या मासळीवाल्या मुलांना पंचांगवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक. रविवारसाठी शनिवारी रात्री भरपूर माल येतो, रविवारी दुपारपर्यंत उठतो, उरलेला सोमवारी तसाच पडून राहतो. मंगळवारी सकाळी नवीन बर्फ पसरून तोच पुन्हा मांडला जाण्याची शक्यता दांडगी. मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, पितृपक्ष यांच्या दुसऱ्या दिवशीही हेच. मी काउंटरवरून घेते ती बुधवारी किंवा शुक्रवारी, दुकान उघडल्यावर तासाभरात. आणि रविवारी सकाळी, संध्याकाळी नाही.

दुसरी गोष्ट, काउंटरवर ‘ताजे’ म्हणून जे मांडलंय त्यातलं बरंच आधी फ्रोझन होतं. वितळवून बर्फावर ठेवलं की त्याची किंमत वाढते. हे ओळखण्याची माझी आवडती खूण सुरमईच्या आणि हलव्याच्या तुकड्यांत सापडते. कोळीण कोयत्यानं किंवा विळीवर तुकडी पाडते तेव्हा कापाची बाजू थोडी तिरकी, थोडी लवलेली असते, मधल्या काट्यापाशी मांस जरा चेपलेलं. गोठलेला मासा कारखान्यात पट्ट्याच्या करवतीवर कापतात. त्याची तुकडी फूटपट्टीनं आखल्यासारखी सपाट, सगळ्या तुकड्या एकाच जाडीच्या, आणि काट्याच्या चकतीवर बारीक पांढरा भुसा चिकटलेला. काउंटरवरच्या ‘फ्रेश’ तुकड्यांवर असा भुसा दिसला की समजायचं, हिचा मुक्काम आधी फ्रीझरात होता. मग तीच गोष्ट बाजूच्या फ्रीझरातून स्वस्तात का नको? आणि तिथे ती निदान वितळलेली नसते. काउंटरवरच्या तुकडीचं घड्याळ वितळल्यापासून पुन्हा सुरू झालेलं असतं, कधी झालं हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.

अख्ख्या माशात डोळा बघा. ताज्याचा डोळा फुगीर, काळा, ओला. गोठवून वितळवलेल्याचा पांढुरका, आत गेलेला, आणि कातडीवरचा बुळबुळीतपणा धुतल्यासारखा नाहीसा. काउंटरवाल्याला म्हणायचं, “दादा, कल्ला उचलून दाखव जरा.” लाजायचं नाही, चांगला मुलगा न सांगता दाखवतो. आत लालभडक किंवा गडद गुलाबी हवं, तपकिरी-राखाडी नको. बोटानं दाबलेला खळगा भरून यायला हवा. पापलेटच्या कल्ल्यापाशी दाबून पांढरं पाणी येतं की लालसर, ही बायकांची जुनी परीक्षा आहे. पांढरं आलं तर घ्यावं. माझ्या आईनं मिरकरवाड्याच्या बंदरावर ती मला शिकवली, कॉलेजात कुणी शिकवली नाही, पण ती मला कधी दगा देऊन गेलेली नाही. वास तर बघायचाच. ताज्या समुद्री माशाला समुद्राचा वास येतो. आपण ज्याला ‘मासळीचा वास’ म्हणतो तो जिवाणूंनी माशातल्या एका पदार्थाचं ट्रायमिथाइल अमाइन केल्यावर येतो, म्हणजे तो म्हातारपणाचा वास.

सगळ्या काउंटरवर एकच मासा असा आहे की ज्याच्या बाबतीत मी नाकावरही विसंबत नाही, तो बांगडा. काही वर्षांपूर्वी एका सुपरमार्केटात (नाव घेत नाही) शिकवायला गेले होते. रात्री त्यांच्या शीतपेटीचा कॉम्प्रेसर बंद पडला, सकाळी सहाला कुणाच्या तरी लक्षात आलं. भराभर बर्फ ओतला, बांगडे धुऊन मांडले. दिसायला झकास, वासही ठीक. मी पोचायच्या आत काउंटरवरच्या दोन मुलांनी आतल्या खोलीत त्यातलेच चार तळून खाल्ले होते. तासाभरात दोघांची तोंडं टोमॅटोसारखी लाल, अंगावर पित्त उठलेलं, डोकं ठणकतंय, एकाचं हृदय धडधडतंय. सगळे म्हणाले, मासळीची अॅलर्जी. दोघेही अलिबागकडचे, जन्मापासून बांगडा खाणारे; अॅलर्जी कसली? बांगडा, कुपा (ट्यूना), सुरमई या जातकुळीच्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा काही तास उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि त्यानंच अॅलर्जीसारखी लक्षणं दिसतात. ते तळून जात नाही, शिजवून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही, आणि वासानं कळेलच असंही नाही. दोघं औषधानं संध्याकाळपर्यंत बरे झाले. बांगड्यांची ती सगळी खेप मी कचऱ्यात टाकायला लावली, त्यावरून माझं आणि मॅनेजरचं जे वाजलं ते वेगळंच. तेव्हापासून बांगडा ताठ असेल, म्हणजे शेपटीकडे धरल्यावर वाकून लोंबकळत नसेल, तरच घेते. तोही ओळखीच्या मावशीकडून. सुपरमार्केटात घ्यायचाच तर बर्फात पूर्ण गाडलेला असेल तिथेच घ्या.

आता फ्रीझर. उघड्या आडव्या पेटीत आतल्या बाजूला एक रेघ असते, माल इथपर्यंतच भरावा अशी. ‘ऑफर’च्या दिवशी पाकिटांचा डोंगर त्या रेघेच्या वर गेलेला असतो. वरच्या पाकिटांना गार वारा लागतच नाही. ती मऊ पडतात आणि रात्री पुन्हा गोठतात. हात खाली घाला, रेघेखालचं पाकीट काढा. ते दगडासारखं कडक हवं. आत हलवून बघा: एकेक वेगळी गोठवलेली कोळंबी खडखड वाजायला हवी. सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला असेल तर ती वाटेत कुठेतरी वितळली होती. पाकिटाच्या आत पिठासारखं हिम साचलेलं असेल तरी तेच. मांसावर पांढरे, कोरडे, कापसासारखे डाग दिसले तर ते बुरशी नव्हे, फ्रीझरमध्ये पाणी उडून गेल्याचे. अपायकारक नाही, पण तो भाग चामड्यासारखा लागतो.

मग पाकीट पालथं करा. गोठवल्याची तारीख, बॅच नंबर, उणे १८ अंशांना ठेवण्याची सूचना आणि १४ आकडी परवाना क्रमांक असायला हवा. घटकांच्या यादीत फक्त मासा किंवा ‘मासा, पाणी’ असेल तर उत्तम. आयएनएस (खाण्यात मिसळायच्या पदार्थांचे क्रमांक) ४५१ किंवा ४५२ दिसलं तर ते फॉस्फेट. परवानगी असलेलंच असतं, विष नाही, पण त्यानं मांस पाणी धरून ठेवतं आणि तुम्ही पाण्याला कोळंबीचा भाव देता. अशी कोळंबी काचेसारखी दिसते, कढईत पांढरा फेस सोडते आणि रबरासारखी चावते.

वजनाचं काय? गोठवलेल्या माशावर पाण्याचा पातळ थर देतात, त्याला ग्लेझ म्हणतात. तो हवाच, नाहीतर मासा वाळेल. नियमाप्रमाणे नेट वजनात हा बर्फ धरायचा नसतो. गेल्या महिन्यात मी ५०० ग्रॅम नेट लिहिलेलं सोललेल्या कोळंबीचं एक पाकीट घरच्या काट्यावर ठेवलं: ५०४ भरलं. चाळणीत वितळवून निथळवलं: ३९०. थोडं पाणी माशाचं स्वतःचं सुटतं हे धरूनही त्या कंपनीनं मला शंभरेक ग्रॅम बर्फ कोळंबीच्या भावानं विकला होता. दुसऱ्या कंपनीचं पाकीट निथळून ४८० भरलं. आता तेच आणते. तुम्हीही एकदा करा, एका संध्याकाळचं काम आहे.

काउंटरवर उलटा खेळ असतो. तिथे मासा अख्खा तोलतात आणि मग साफ करतात. डोकं असलेली कोळंबी समजा ६०० रुपये किलो आहे. डोकं, साल, दोरा काढल्यावर हातात साधारण अर्धाच किलो येते, म्हणजे सोललेली तुम्हाला १२०० ला पडली. फ्रोझनचा भाव या १२०० शी ताडून बघा, ६०० शी नाही. पण इथे मी काउंटरच्या बाजूनं एक शब्द बोलेन. सुरमईचं, रावसाचं डोकं फ्रोझन पाकिटात येत नाही. आणि डोक्याशिवाय कालवणाला जी चव येत नाही तिला फॉस्फेटही उपयोगाचं नाही. अख्खी सुरमई घेतलीत तर डोकं आणि शेपटीकडचा भाग मागून घ्या. मुलं विचारल्याशिवाय कचऱ्यात टाकतात, अलीकडच्या गिऱ्हाइकांना ते नको असतं म्हणे.

एकेक मासा घ्यायचा तर कोळंबीचा निकाल सगळ्यात सोपा: सुपरमार्केटात कोळंबी फ्रीझरातूनच. दुकानात मिळणारी बहुतेक कोळंबी व्हेनामी जातीची, आंध्रच्या तळ्यांतली. या जातीला भारतात २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि तेव्हापासून तिनं बाजार व्यापला. तळ्यातून काढून काही तासांत ती बर्फात आणि मग कारखान्यात जाते. काउंटरवर बर्फावर जी दिसते ती बऱ्याचदा तीच, वितळवलेली. पाकिटावरचे ३१/४० किंवा २६/३० हे आकडे म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते. आकडा लहान तेवढी कोळंबी मोठी. खाडीतली करंदी, जवळा, लहान चवदार कोळंबी हवी असेल तर ती कोळणीकडेच.

माकुल (स्क्विड) फ्रोझन छान, गोठवल्यानं उलट जरा मऊ होते. रावसाच्या तुकड्या फ्रोझन चांगल्या मिळतात. (रावसाला इंग्रजी पाटीवर ‘इंडियन सामन’ लिहितात, नॉर्वेच्या सामनशी त्याचं नातंगोतं काही नाही, आणि भाव बघून दचकू नका.) मुलासाठी बिनकाट्याचं हवं असेल तर बासा. हा पंगॅशियस, गोड्या पाण्यातला पाळलेला मासा. व्हिएतनामचा बासा आपल्याकडे गोठवूनच येतो, म्हणून काउंटरवर ‘फ्रेश’ पाटीखाली ठेवलेल्या त्या फिलेटला जादा पैसे द्यायचं काही कारण नाही. त्याला स्वतःची चव नाही. मुलांना तोच गुण वाटतो.

पापलेट हा आपला राज्य मासा, २०२३ मध्ये तसा जाहीर झाला. त्याचा आणि सुरमईचा मोसम ऑक्टोबर ते जानेवारीत बहरात असतो; तेव्हा बुधवार-शुक्रवारी काउंटरवर नजर टाका, डोळे-कल्ले बघा आणि खुशाल घ्या. एप्रिल-मेमध्ये मी चांगल्या तारखेचं फ्रोझन घेते. वीतभरापेक्षा लहान पापलेट मात्र कुठेच घेत नाही. पिल्लं खाऊन संपवली तर पुढच्या वर्षी मोठं कुठून येणार? रोहू-कटला आंध्रहून बर्फात ट्रकनं येतात, दोन-तीन दिवसांचे असतात, ते काउंटरवरचे ठीक.

आणि बोंबील. सासूबाईंना बोंबील हवा असेल तर सुपरमार्केट विसरा. त्याच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. गोठवला की कण सगळं मांस फाडतात आणि वितळला की बशीत चिखल उरतो. पण हाच मासा मुंबईत खरोखर त्या दिवशीचा मिळतो, कारण वेसावे, मढ, गोराई, उत्तनच्या बोटी भरती-ओहोटीवर डोल जाळी लावतात आणि लवकर परततात. कांदिवलीहून मढ-मालवणी लांब नाही. तिथल्या किंवा बोरिवलीच्या बाजारात एखादी मावशी धरा, महिनाभर तिच्याकडूनच घ्या, नावानं ओळखायला लागली की ती स्वतःच सांगेल, “आज नको घेऊस गं, उद्या ये.” असं सांगणारं यंत्र अजून एकाही सुपरमार्केटनं बसवलेलं नाही.

घरी नेताना फ्रोझन सगळ्यात शेवटी ट्रॉलीत टाका. मे महिन्यात रिक्षात अर्धा तास अडकलात तर गार पिशवी नसली की वरचा थर सुटतोच. वितळवायचं ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीवर चाळणी ठेवून, म्हणजे मासा स्वतःच्या पाण्यात बसत नाही. घाई असेल तर पिशवीत बांधून गार पाण्यात. ओट्यावर उघडा नको, गरम पाण्यात तर नकोच. हवा काढून बंद केलेलं पाकीट असेल तर वितळवण्याआधी कापून उघडा. बंद, हवा नसलेल्या पाकिटात फ्रीजच्या थंडाव्यातही वाढणारा एक घातक जिवाणू आहे; घटना दुर्मीळ, पण कात्री लावायला किती वेळ लागतो? मग फडक्यात दाबून कोरडा करा आणि त्यानंतरच आगळ, मीठ, मसाला. न पुसता तांदळाच्या पिठात घोळवलेली फ्रोझन तुकडी तव्यावर तळली न जाता उकडते, आणि दोष फ्रीझरला लागतो. वितळलेलं पुन्हा गोठवू नका. चांगल्या फ्रीझरमध्ये पापलेट-रावस पाच-सहा महिने बरे राहतात; बांगडा-तारली यांसारखे तेलकट मासे दोन-तीन महिन्यांतच खवटतात.

फॉर्मेलिनबद्दल. २०१८ मध्ये केरळच्या तपासणी नाक्यांवर फॉर्मेलिन मारलेला मासा पकडला गेला, गोव्यानं काही काळ बाहेरच्या माशांवर बंदी घातली, आणि तेव्हापासून ही भीती घराघरात शिरली. भीती खोटी नाही. पण ते वापरणाऱ्याचा हेतू बर्फाचा खर्च वाचवायचा असतो, आणि उणे १८ अंशांत ठेवलेल्या माशाला त्याची गरजच उरत नाही. म्हणून हा धोका फ्रीझरपेक्षा लांबून ट्रकनं आलेल्या आणि बर्फ कमी पडलेल्या माशाला जास्त. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्यासाठी कागदी पट्टीचा संच काढला आहे. घरी वापरलात तरी बोंबलावर वापरून घाबरू नका: फॉर्मेलिन ज्याचं द्रावण असतं ते फॉर्मल्डिहाइड बोंबलात नैसर्गिकपणेच तयार होतं. मिठाच्या पाण्यानं धुतलं की फॉर्मेलिन जातं, माशी बसली नाही म्हणजे फॉर्मेलिन आहे, यांवर विसंबू नका.

पावसाळ्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण जुलैत विचारालच. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे तिथल्या बोटी जूनच्या मध्यापासून समुद्रात असतात. जुलैत कांदिवलीच्या काउंटरवर ‘फ्रेश सुरमई’ दिसली तर ती एकतर तिकडून ट्रकमध्ये दोन दिवस प्रवास करून आलेली, नाहीतर करवतीचा भुसा लागलेली. त्या दोन महिन्यांत फ्रोझन घ्या, मेच्या आधीची तारीख बघून. आमच्याकडे तर तेही नसतं. मे महिन्यात आईकडून आलेले सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, डब्यात असतात, बाहेर पाऊस धरलेला असतो, आणि घरात आठवड्यातून दोनदा सोड्यांची खिचडी होते.